तळाचं तेल

बोट चिकटलं. झालं ते एवढंच. जागृतीने उजव्या हाताचं पहिलं बोट सहज म्हणून बेकलाइटच्या तपकिरी पत्र्यावर टेकवलं, उचलायला गेली, आणि बोट सुटून यायला किंचित वेळ लागला. तिने ते रुमालाला पुसलं. दुसऱ्या कोपऱ्यात टेकवलं. तिथेही तेच. मे महिन्याची दुपार, कॉलेजला सुट्ट्या, भौतिकशास्त्र विभागाच्या मागच्या या खोलीत कूलरमधलं पाणी कधीच संपलेलं, त्यामुळे तो नुसता गरम वारा फेकत होता. घामाने चिकटलं असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. मग बोटाला पावडर लावून परत टेकवलं. परत चिकटलं. "बंडूजी," तिने हाक मारली, "जरा इथे बोट लावून पाहा." विभागाचे शिपाई बंडूजी दारातल्या स्टुलावरून उठले, चप्पल बाहेर काढून आत आले (ही सवय त्यांना कुणी लावली नव्हती, यंत्राच्या खोलीला ते आपणहून मान देत), आणि बोट लावून म्हणाले, "चिपचिप करून राह्यलं ना जी, मॅडम. रस-बिस सांडला का आंब्याचा?" तिला हसू आलं. मग ते आपोआप गेलं, आणि ती त्याच स्टुलावर जाऊन बसली.

तेल लावून दोन महिने होऊन गेले होते. या उन्हात, या वर्ध्यात, जिथे ओला टॉवेल पिळेपर्यंत सुकतो, तिथे दोन महिन्यांत तेल सुकलं नव्हतं. आणि सुकायला हवंच होतं, सगळी मदार त्यावरच. तो पत्रा होता कण टिपणाऱ्या चेंबरचा. असं चेंबर म्हणजे काय, तर बेकलाइटचे दोन पत्रे, जुन्या काळची विजेची बटणं ज्याची असत तेच बेकलाइट. दोघांच्या मधे पेन्सिलही जाणार नाही एवढीशी फट, फटीत गॅस, आणि दोन्ही अंगांना जबरदस्त विजेचा दाब. आकाशातून रात्रंदिवस आपल्या डोक्यातून, छतातून, जमिनीतून म्युऑन नावाचे कण आरपार जात असतात, कुणाला पत्ता नसतो. त्यातला एखादा फटीतून गेला की तिथे बारीकशी ठिणगी पडते, मोजणीच्या यंत्रात टक् असा आवाज होतो, आणि मग माणसाला कळतं की कुणीतरी येऊन गेलं. पण पत्रा आतून खडबडीत असला तर कण नसतानाही ठिणग्या पडतात, यंत्र उगाच वाजत राहतं. म्हणून आतून जवसाच्या तेलाचा हात द्यायचा. जवसाचं तेल वाळतं. वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन त्याचे रेणू एकमेकांचे हात धरतात, साखळ्या होतात, साखळ्यांचं जाळं होतं, आणि तेलाची गुळगुळीत कातडी बनते. तिचा निम्मा जन्म या कातडीत गेला होता. लोकांना सांगताना ती म्हणायची, अर्धं काम कणांचं आणि अर्धं रंगाऱ्याचं.

हे यंदाचं सातवं चेंबर. याची गॅसची नळी बसवताना मोडली म्हणून ते उघडंच मागे राहिलं, बाकीची सहा मार्चअखेर लाकडी खोक्यात भरून रेल्वेने मुंबईला गेली होती. तिथल्या मोठ्या प्रयोगशाळेत देशभरातून आलेली चेंबरं थरावर थर रचून एक मोठा मनोरा उभा राहत होता, आणि त्यात सहा थर वर्ध्याचे असणार होते. सोमवारी ते बसवायचे. एकदा बोल्ट आवळले की वर्षानुवर्षं कुणी उघडणार नाही. आणि आज शनिवार. सातव्यात लावलं तेच तेल त्या सहांत होतं, एकाच डब्यातलं. ते ओलं आहे. विजेचा दाब चढला की ओलं तेल थेंबाथेंबाने गोळा होतं, एका पत्र्याकडून दुसऱ्याकडे लोंबू लागतं, आणि थर हळूहळू बहिरा होत जातो. असं जगात पूर्वी झालेलं आहे, तिच्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि होऊन गेल्यावरच कळतं हेही ठाऊक आहे.

स्कूटर काढून ती घराकडे, नालवाडीच्या रस्त्याला लागली. ओढणी तोंडाला गुंडाळलेली, वर चष्मा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गेल्या वर्षी करून पाहिलेली पहिली तीन चेंबरं नीट सुकली होती. तेल तेच, हिंगणीच्या मामाच्या शेताच्या धुऱ्यावरच्या जवसाचं, सेलूच्या तेलघाणीवर काढलेलं. पत्रे तेच, ते बनवून देणाऱ्या बापूरावांकडचे. उष्णता तीच, किंबहुना जास्तच. मग काय बदललं? डोकं चालत नव्हतं. खरं म्हणजे डोकं चालवायचाच कंटाळा आला होता. आजकाल तिला कशाचाही शेवट विचार करून काढण्यापेक्षा झोपावंसं वाटायचं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे बरं नव्हे, असं रत्नदीप, तिचा भाऊ, पुण्याहून फोनवर सांगत असतो. ताई, योगा कर. त्याला काय सांगायचं, की बाबा रे, हा थकवा पाठीतला नाही. गॅसचं सिलिंडर मागवायला सहा सह्या, लाइट जाते म्हणून बॅटऱ्या, बॅटऱ्या चोरीला जातात म्हणून कुलूप, कुलपाची चावी कुणाकडे म्हणून मीटिंग. आणि या सगळ्याच्या पलीकडे कुठेतरी तो कण, जो यातल्या कशासाठीही थांबत नाही.

चौकात उसाच्या रसवाल्याने घंटी वाजवली आणि तिला उगाचच जमिनीखालची ती थंड खोली आठवली. तिशीत असताना चार महिने परदेशातल्या प्रयोगशाळेत होती. पांढरा झगा, हातमोजे, डोक्याला टोपी. पहिल्या दिवशी तिच्यासमोर एक मोठा डबा ठेवला, झाकण उघडलं, आणि नाकात आला तो आईच्या चुलीपाशी थंडीत बसल्यावर येतो तोच वास. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, वर त्याच तेलाची धार. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिथला म्हातारा तंत्रज्ञ घाबरला, त्याला वाटलं वाफेने होतंय, तो तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेला. त्याला ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली की हे आम्ही खातो. तो एवढा हसला, सगळ्यांना बोलावून सांगितलं. तेव्हाच तिच्या मनात बसलं, की हे तेल आपल्याकडून का जाऊ नये? गोऱ्यांच्या डब्यातून कशाला? परत येऊन तिने मुंबई सोडली, वर्ध्याची नोकरी धरली. लोक म्हणाले, आईसाठी आली. खरं तर तेलासाठीही आली होती, पण हे कुणाला सांगितलं तर वेडं ठरवतील म्हणून गप्प राहिली.

बाबा तेव्हा होते. हरिदास लाइनमन, वीज मंडळातून निवृत्त, खांबावर चढण्यात उभा जन्म गेलेला माणूस. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि घरात एकच नियम, जे दिसत नाही ते मानायचं नाही. तिने पहिलं चेंबर सुरू केलं तेव्हा त्यांना मुद्दाम नेऊन दाखवलं. ते बराच वेळ त्या पत्र्याकडे बघत राहिले. "दिसते का तुले थे?" त्यांनी विचारलं. "दिसत नाई, बाबा. पण वाजते." यंत्रात टक् झालं, परत टक् टक्. बाबांनी कान दिला, खांबावरच्या तारेला देत असतील तसा. "वाजते ना? मंग ठीक आहे," ते म्हणाले. त्यांच्याकडून एवढी परवानगी म्हणजे पुष्कळच. आणि आई? आईला त्या यंत्रापेक्षा त्यातल्या तेलाचं कौतुक. सगळ्या नालवाडीत तिने करून ठेवलंय, माया पोरीच्या मशीनमधी मायंच तेल लागते, सरकारचं चालत नाई. गाळायचं तिने, निवळायला ठेवायचं तिने, बाटल्या भरायच्या तिने. जागृतीने एकदा म्हटलं, मी करते लॅबमधे, तर दोन दिवस अबोला.

घरात शिरली तेव्हा आई, तानाबाई, जमिनीवर पाय पसरून वरणाची डाळ निवडत होती. पंखा होता, पण तो फिरण्यापेक्षा कुरकुरतच जास्त होता. "आली का वं? एवढ्या तपनात काऊन आली? लू लागंन ना." जागृतीने माठातलं पाणी घेतलं, अर्धं प्यायली, अर्धं मानेवर ओतलं. "माय, मशीनचं जवसाचं तेल राह्यलं का थोडं? पाहाचं होतं." "राह्यलं ना. मोठ्या डब्यात आहे, तळाले दोन बोटं. पण सगळं नेजो नको, उद्या फल्लीचं आणाचं आहे, त्यावरच ओतीन." आई डाळीतून मान न उचलता म्हणाली. जागृतीच्या हातात पेला तसाच राहिला. "त्यावरच म्हणजे?" "त्यावरच म्हणजे त्यावरच. डबा का कोणी कोरडा ठेवते का? तळाले थोडं ठेवाच लागते." पंखा कुरकुरला. "माय," जागृतीने हळूच विचारलं, आपला आवाज आपल्यालाच परका वाटतोय हे जाणवत असताना विचारलं, "मार्चमधी मामानं जवसाचं आणून देल्लं, तवा तळाले काय होतं?" आईने थोडा वेळ आठवलं. "गेल्या सालचं जवसाचं त सरलं होतं दिवाळीले. मंग फल्लीचं आणलं होतं आपण. थेच होतं, चारक बोटं."

संपलं. सगळं तिथेच संपलं आणि सगळं तिथेच कळलंही. फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं तेल वाळत नाही. त्याचे रेणू कुणाचा हात धरत नाहीत, जन्मभर ओले राहतात, आणि धरणाऱ्यांच्या मधे मधे उभे राहून त्यांनाही धरू देत नाहीत. गेल्या वर्षीच्या डब्याच्या तळाला जवसाचंच होतं, म्हणून तीन चेंबरं निभावली. तिने तेलाचा वास घेतला होता, रंग पाहिला होता, डब्याच्या तळाला काय आहे हे विचारायचं तिला सुचलंच नाही. सुचणार कसं? याच घरात वाढलेली ती. तिच्या मुंबईच्या फ्लॅटमधेसुद्धा साखरेचा डबा तिने कधी कोरडा होऊ दिला नव्हता, चहापत्तीचाही नाही, तळाचं तळाला ठेवूनच वरून नवं. हात आपोआप करतो. अंगात मुरलेलं माणसाला दिसत नाही, आणि ती तर जे दिसत नाही त्याचीच डॉक्टर!

आणि आई हे का करते तेही तिला माहीत होतं. बरकत-बिरकत आई मानत नव्हती. लक्ष्मी, पाऊल, असलं काही या घरात नव्हतंच, ते सगळं छप्पन साली आजोबांनी नागपूरच्या वाटेवर टाकून दिलं. गोष्ट निराळी होती. आई सेलूकडच्या एका वस्तीत वाढली, कुडाच्या एकाला एक लागून झोपड्या. तिची आई सांगायची, रिकामा डबा वाजते पोरी, पळी तळाले लागली का शेजारचे आयकते. एकदा तसंच झालं. पळी खरवडल्याचा आवाज झाला, आणि घडीभराने कुडाच्या पलीकडून हात आला, हातात वाटीभर तेल. घेतलं, फोडणी दिली, पोरं जेवली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्या बायांच्या तोंडी तेच, यायच्या घरी तेल नाई, आम्ही देल्लं. आजी त्या दिवशी कामावर गेली नाही. उपाशी राहण्याचं तिला काही वाटलं नसतं, ते सवयीचं होतं. तेव्हापासून तळाला दोन बोटं राहिलीच पाहिजेत. मग बाबांची नोकरी लागली, पक्कं घर झालं, पोरगी परदेशात जाऊन आली, तरी दोन बोटं तशीच. देव सोडले, डबा सुटला नाही.

ती आतल्या खोलीत गेली आणि भूपेंद्रला फोन लावला. भूपेंद्र हिंगणघाटचा, नागपूरला एम.एस्सी.ला दोघं एका बाकावर. आता मुंबईला त्या मनोऱ्याचा प्रमुख तोच. तिने एका दमात सांगितलं, सहाही थर बसवू नकोस, तेल ओलं आहे. तो आधी हिंदीत म्हणाला, "क्या बोल रही है यार," आणि मग मराठीत, "सोमवारी क्रेन येते आहे, जागृती." "म्हणूनच आज सांगतेय." "पण झालं काय?" ती सांगायच्या आतच तो पुढे बोलला, आवाज खाली आणून, गावाकडचा करून. "आयक. तेलाचं बोलूच नको. तेल तुयं, तेलावरच तुये थर घेतले होते, कमिटीत मीच भांडलो होतो त्याच्यासाठी. तेल खराब म्हटलं का वर्ध्याचं काम खल्लास. त्यापरीस पत्रे खराब निघाले असं लिही ना. बापूरावचे पत्रे. लहान माणूस आहे, कोण इचारते? थर परत येतील, तू पुढच्या साली नव्या पत्र्यात कर. बात खतम."

किती सोपं होतं. एखादी खुर्ची पुढे सरकवावी तसं त्याने ते तिच्यापुढे सरकवलं होतं, आणि तिचे पाय इतके दुखत होते की बसावंसंच वाटलं. बापूराव तिच्या डोळ्यांसमोर आले. बुटीबोरीकडच्या पत्र्याच्या शेडमधे चष्मा कपाळावर चढवून एकेक पत्रा उजेडात धरून बघणारे, ओरखडा दिसला की स्वतःच बाजूला टाकणारे. मॅडम, तुमचं काम म्हणजे आमचा पेपर आहे, असं म्हणत. त्यांचा पेपर पहिल्या वर्गाचा होता. तिला रडू येत होतं आणि रडायचाही कंटाळा आला होता. शेवटी काय, कणाला काय फरक पडतो? तो तर सोमवारीही येणार, मंगळवारीही येणार, वर्ध्याचा थर असो नसो. दारात सावली हलली. आई उभी होती, हातात मठ्ठ्याचा पेला. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"भूपेंद्र, पत्रे चांगले होते," जागृती म्हणाली. "तेलात तेल मिसळलं. शेंगदाण्याचं. डबा मी पाहिला नाही. चूक माझी आहे, तसंच लिहिणार आहे." तो काही म्हणाला, बहुतेक वेडी आहेस असं, मग थकून म्हणाला, ठीक आहे, पाठव, तुझी जागा भुवनेश्वरवाल्यांना जाईल, हे तुला कळतंय ना? कळतंय, ती म्हणाली. आणि पुढच्या साली? तिने विचारलं. पुढच्या सालचं मी काही बोलत नाही, जागृती. फोन ठेवल्यावर कानाला गरम गरम लागत राहिलं. ती पलंगावर बसली. एवढ्या वर्षांचं काम एका फोनमधे आवरलं गेलं, आणि बाहेर कुणाच्या तरी घरी टीव्हीवर लग्नाची मालिका चालू होती.

"खोटं काऊन बोलली?" आईने विचारलं. जागृतीने वर पाहिलं. "खोटं कुठं बोलली, माय?" "चूक मायी म्हणे. डबा त माया होता." "पाहाचं काम मायं होतं." आईने पेला खिडकीत ठेवला. तोंडावर राग नव्हता, रडूही नव्हतं. हिशेब चुकला की बाजारातून परत जाऊन विचारून येणाऱ्या बाईचं असतं तसं तोंड होतं. "फल्लीच्यानं खराब होते, हे मले सांगतलं असतं त मी धुतला असता डबा," ती म्हणाली. "मले कोणी सांगतलंच नाई." "मलेच नव्हतं सुचलं." "एवढी शिकली त सुचाले नको?" हे आईने अगदी जीव लावून म्हटलं, आणि जागृतीला त्या एका वाक्याने जे लागलं ते दिवसभरात दुसऱ्या कशाने लागलं नव्हतं. मग आई वळली आणि स्वयंपाकघरात गेली.

काही वेळाने मोरीतून आवाज आला. आधी तेल ओतल्याचा, जड, सावकाश. मग नळाचा. मग राखेने आणि काथ्याने घासल्याचा, परत नळाचा, परत घासल्याचा. जागृती उठून दारात गेली. तानाबाई सत्तरी ओलांडलेली, गुडघे धरून बसलेली, डब्यात खांद्यापर्यंत हात घालून तळ घासत होती. "माय, राहू दे ना. आता काय उपेग?" "तू जाय. लिही तुयं." तिने डबा पुसला, लुगड्याच्या पदराने आतून कोरडा केला, पदर बाहेर काढून उजेडात पाहिला. मग डबा उचलून मागच्या अंगणात नेला, उन्हात उपडा करायला. ओल्या हातातून तो निसटला. फरशीवर पडला, गडगडत भिंतीपर्यंत गेला, आणि त्या मेलेल्या दुपारी, जिथे कुत्रंही भुंकत नव्हतं, मोठ्यानं वाजला. कोरडा, लांबवर जाणारा आवाज. आई जागच्या जागी उभी राहिली.

भिंतीपलीकडून शेजारच्या नलूबाईंचा आवाज आला. हिंगणीकडच्याच, शेतकऱ्याघरच्या, कान तिखट आणि मन मोकळं. "काऊन वं तानाबाई? तेल सरलं का? देऊ का वाटीभर?"

आई भिंतीकडे बघत होती. तिचा पदर तेलाने आणि राखेने माखला होता. जागृतीला वाटलं, आता ती म्हणेल, नाई वं, आहे ना, धुवाले काढला. तसं म्हणाली असती तरी ते खरंच होतं.

"हाव, नलू," आई म्हणाली, पार टोकाच्या घरापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. "सरलं. कोरडा ठक् आहे डबा. दे वाटीभर."

जागृती आत गेली नाही. भिंतीवरून हात आला, हातात स्टीलची वाटी. आईने ती दोन्ही हातांनी घेतली, आणि वाटी आत न्यायच्या आधी डबा सरळ करून त्याचं तोंड उन्हाकडे केलं.